वहीच्या पलीकडून

कापडातली ती रेघ पहिल्यांदा मला दिसली, म्हणून ही गोष्ट मी सांगते आहे. नाहीतर सांगायचा अधिकार वहिनींचा. पण वहिनी स्वतःबद्दल बोलायला लागल्या की दोन वाक्यांत आटपतात, आणि दोन्ही वाक्यांत चूक त्यांचीच असते. तेवढं काही खरं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. आमच्या कापडाच्या कारखान्यात त्या वहीफणीच्या खोलीत कामाला होत्या. सोबत त्यांची नणंद. ती दिवसभर 'वहिनी, वहिनी' करायची, म्हणून हळूहळू साऱ्या कारखान्याच्याच त्या वहिनी झाल्या. नणंदेला आम्ही ताई म्हणायचो. वहिनी मात्र तिला जुन्या वळणानं 'वन्सं' म्हणत. कुणी नवा माणूस कामाला लागला की फाटकावरचा वॉचमन त्याला हमखास ऐकवायचा, "आत गेल्यावर वहीवर वहिनी, फणीवर वहिनी, आणि मध्ये पाय घातलास तर झापायलाही वहिनीच!" हा विनोद त्यानं पंधरा वर्षं केला. पंधरा वर्षं तो स्वतःच हसला.

ही वही शाळेची नव्हे. मागावर ताण्याचे उभे धागे वर-खाली करणारी चौकट असते, तिला वही म्हणतात. तिच्यात शेकडो बारीक तारा उभ्या लावलेल्या, आणि प्रत्येक तारेच्या मध्यावर सुईच्या नेढ्याएवढा डोळा. ताण्याचा रूळ मागावर चढवायच्या आधी त्याचा एकेक धागा आपापल्या वहीतल्या आपापल्या डोळ्यातून ओवून घ्यावा लागतो. मग तेच धागे दोन-दोन करून फणीच्या, म्हणजे मागावरच्या लांब कंगव्याच्या, फटींतून. एका ताण्याला तीन-साडेतीन हजार धागे. मोठ्या गिरण्यांत यासाठी यंत्र असतं म्हणतात. आमच्याकडे दोन बायका होत्या.

त्या समोरासमोर बसायच्या. मध्ये वह्या टांगलेल्या, म्हणजे तारांचा एक दाट पडदाच. वहिनी पुढच्या बाजूला, हातात आकडा. आकडा म्हणजे वीतभर लांब पोलादी काडी, टोकाला किंचित वळवलेली, मागे लाकडी मूठ. वहिनी तो डोळ्यातून पलीकडे घालायच्या. पलीकडे ताई चिमटीत धागा धरून तयार. आकड्याचं टोक दिसलं की तिनं धागा त्यावर अडकवायचा, वहिनींनी ओढून घ्यायचा. घाल, अडकव, ओढ. घाल, अडकव, ओढ. पाहणाऱ्याला दोन मिनिटांत गरगरायला लागायचं. या दोघी तसं रोज आठ तास करायच्या, आणि ते करताना भाजीचा भाव, भाच्याचं लग्न, शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं, सगळं बोलायच्या. नक्षीप्रमाणे कितव्या धाग्याला कितवी वही, ते मोजणं तोंडाच्या मागे कुठेतरी आपोआप चालू असायचं.

पण गप्पा कितीही रंगल्या तरी दोघींमध्ये एक गोष्ट होती, जी कधी बोलली गेली नव्हती. ती आकड्याची.

आकडा मुळात वहिनींच्या सासऱ्यांचा. ते या कामातले नावाजलेले कारागीर. छत्रीची काडी घेऊन घासायचे, टोक तापवून वळवायचे, कानशीनं असं गुळगुळीत करायचे की धाग्याचा तंतूही उसवू नये. फणीसाठी पितळेची पातळ पत्तीही त्यांनी स्वतःच कापलेली, टोकाशी खाच असलेली. "दुकानातला आकडा दुकानदाराच्या हाताचा," असं म्हणायचे. त्यांच्यासमोर, वहीच्या पलीकडे, त्यांची मुलगी बसायची. शाळा सुटली की दप्तर कोपऱ्यात टाकून ताई धागे द्यायला हजर. आज ना उद्या बाबा आपल्याला पुढे बसवतील, हे तिनं गृहीतच धरलं होतं. भावाला या कामात रस नव्हता. त्यानं टेम्पो घेतला होता.

मग भावाचं लग्न झालं. वहिनी घरात आल्या आणि वर्षभरात सासऱ्यांनी आकडा त्यांच्या हातात दिला.

"तू उद्या परक्या घरी जाशील," ते मुलीला म्हणाले. "आकडा घरात राहायला हवा."

ताई परक्या घरी गेलीसुद्धा. दीड वर्षात परत आली. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. परतल्यावर आठव्या दिवशी ती कारखान्यात आली, वहीच्या मागे आपल्या जुन्या स्टुलावर बसली आणि चिमटीत धागा घेतला. सासरे तेव्हा खोकल्यानं बेजार होते. "आता ज्या जिथं बसल्यात तिथं बसू दे," एवढंच ते म्हणाले. पुढच्या हिवाळ्यात गेले. बसलेल्या जागा एकवीस वर्षं तशाच राहिल्या.

पुढे बसणारीला मान असतो. खात्याचे मास्तर नक्षीचा कागद तिच्या हातात देतात. मागे बसणारीला विचारतात, "वहिनी आल्या का?"

वहिनींच्या हाताचं दुखणं सुरू झालं ते सकाळच्या चहापासून. कप उचलला तर अंगठा आणि पहिली दोन बोटं आपली नाहीतच असं वाटायचं. हात झटकला की मुंग्या यायच्या, मग जरा वेळानं बरं वाटायचं. पुढे पुढे झटकूनही बरं वाटेना. कणीक मळताना मनगटातून कळ जायची. नवऱ्याला त्या काही बोलल्या नाहीत. तो विचारायचा, "हात का झाडतेस गं सारखा? माशा मारतेस?" आणि त्या हसण्यावारी न्यायच्या.

कारखान्यात मात्र हसण्यावारी नेता येईना. आकडा डोळ्यातून घालताना नजर तेवढी कामाची नसते, बोटाला कळावं लागतं. ही तार कुठल्या वहीची, डोळा कुठे आहे, काडी आत गेली की बाजूनं सटकली, हे सगळं चिमटीतून कळतं. वहिनींना ते कळेनासं झालं. आकडा शेजारच्या डोळ्यातून जायला लागला. तिसऱ्या वहीऐवजी चौथीतून.

त्यासाठी सासऱ्यांनी एक पद्धत घालून दिली होती. आकडा चुकीच्या डोळ्यातून आला की धागा देणारीनं धागा द्यायचा नाही. आकड्याच्या टोकावर नखानं टिचकी मारायची. टिक्. मग पुढचीनं आकडा मागे घेऊन पुन्हा घालायचा. पूर्वी अशी टिचकी आठवड्यातून एखादी वाजायची आणि दोघी हसायच्या. आता ती दिवसाला दहा-पंधरा वेळा वाजायला लागली. टिक्. टिक्. ताई काही बोलायची नाही. हसायचीही नाही. हळूहळू खोलीतल्या गप्पाच बंद पडल्या. मी एकदा दोरा मागायला गेले तर आत नुसती टिकटिक. मला वाटलं, यांचं घरी वाजलेलं दिसतंय.

वाजलं ते तिथंच, एका दुपारी. निळ्या-पांढऱ्या बारीक पट्ट्यांचं कापड होतं, आठ वह्यांची नवी नक्षी. जेवणानंतर तासाभरात चार टिचक्या झाल्या. पाचवी झाली तशा वहिनी आकडा मांडीवर आपटून म्हणाल्या, "मोजताय का वन्सं?"

"मोजायच्या कशाला?" पलीकडून ताई म्हणाली. "कान आहेत मला."

"मग जा ना, सांगा मास्तरांना. म्हणावं, वहिनीचा हात गेला, आता आकडा माझ्याकडे द्या. एकवीस वर्षं त्याच्यावरच डोळा ठेवून बसलायत."

पडद्यापलीकडून ताईचा आवाज आला, "बरं."

"बरं काय?"

"बरं म्हणजे बरं. आता टिचकी नाही मारणार."

आणि तिनं मारली नाही. त्या दुपारी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आकडा जाई, धागा येई, सरसर ओढला जाई. वहिनी मला पुढे म्हणाल्या, त्या दोन दिवसांत त्यांना खरंच वाटलं की हात बरा झाला. टिचकी नाही म्हणजे चूक नाही. उगाच घाबरलो, थंडीनं आखडला असेल. त्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी कणीक मळताना गाणंसुद्धा गुणगुणलं. त्याच ओट्याशी पाठमोरी उभी राहून ताई भांडी विसळत होती.

ताणा मागावर चढला, कापड निघायला लागलं, आणि तिसऱ्या दिवशी पहिलं थान आमच्या घडीखात्यात आलं. आमचं टेबल तिरकं, वर काच, खाली दिवा. कापड वरून ओढत न्यायचं आणि डोळे कापडावर ठेवायचे. मी ओढत होते आणि मला काहीतरी खुपत होतं. नक्षी नवी, म्हणून आधी वाटलं आपलीच नजर बसत नाहीये. मग दिसलं. निळ्या पट्टीच्या कडेनं एक रेघ, नखानं ओरखडा काढावा तशी. थोड्या अंतरावर दुसरी. मी कापड मागे ओढलं. पहिल्या इंचापासून होत्या. खडूनं खुणा केल्या आणि मास्तरांना बोलावलं.

मास्तर वाईट माणूस नव्हे. पण नवं गिऱ्हाईक, पहिलंच काम, आणि मागावर असताना हे कुणाच्याच लक्षात आलं नाही याचा राग. त्यांनी थान माझ्या हातात दिलं, मला घेऊन तरातरा वहीफणीच्या खोलीत आले आणि दोघींना उभं केलं.

"हे काय आहे?"

वहिनींनी कापड पाहिलं. खडूची एकेक खूण पाहत गेल्या.

"मला एवढंच सांगा," मास्तर म्हणाले. "डोळ्याचं चुकलंय की धाग्याचं?"

डोळ्याचं चुकलं म्हणजे पुढचीनं आकडा चुकीच्या जागी घातला. धाग्याचं चुकलं म्हणजे मागचीनं धागा मागेपुढे दिला. कापडावर दोन्ही सारखंच दिसतं. ओवताना तिथं असलेल्या दोघींनाच काय ते माहीत.

वहिनींनी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता. मला तेव्हा वाटलं, घाबरल्यात.

"धाग्याचं," त्या म्हणाल्या.

मास्तर वळले. "ताई? तुम्हाला काही म्हणायचंय?"

ताईनं वहिनींकडे पाहिलं. रागानं नव्हे. आपण ओळखीच्या माणसाला दुरून पाहतो आणि तोच आहे ना याची खात्री करतो, तसं पाहिलं.

"वहिनी सांगतायत ना," ती म्हणाली. "मग तसंच असेल."

"काही दिवस घरी थांबा. निरोप पाठवतो."

आमच्याकडे निरोप पाठवतो म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. ताईनं डबा उचलला, स्टुलावरची घडी घातलेली गादी उचलली आणि गेली. आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी जेवताना चारचौघींत म्हटलं, "वय झालं की लक्ष उडतं हो माणसाचं." ताई माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी.

त्यांचं घर दोन खोल्यांचं. वहिनींची मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, त्यामुळे माणसं तिघंच. ताई दिवसभर घरी राहायला लागली आणि घर नको इतकं स्वच्छ झालं. डब्यांची बुडं घासली गेली, पंख्याची पाती पुसली गेली, वहिनींनी परतून हात लावावा असं एकही काम शिल्लक राहीना. बोलणं 'मीठ द्या' आणि 'दार लावा' एवढ्यावर आलं. टेम्पोवाला भाऊ गमत्या स्वभावाचा, ताईला अजून चिमीच म्हणणारा. तो म्हणायचा, "घरात दोन-दोन बायका आणि आवाज फक्त नळाचा! असलं सुख कुणाच्या नशिबी?" कुणी हसलं नाही की मान खाली घालून जेवायचा. एका सकाळी चपला घालता घालता त्यानं बायकोला हळूच विचारलं, "खरंच चिमीचं चुकलं? तिचं?"

"हो," वहिनी म्हणाल्या. ते 'हो' मात्र मला जन्मभर पुरेल, असं त्या सांगतात.

कारखान्यात ताईच्या जागी मास्तरांनी धाग्याच्या कांड्या भरणाऱ्या एका बाईला बसवलं. बिचारी स्वभावानं चांगली, तोंडानं अखंड चालू, आणि कामाचं तिला काहीच ठाऊक नाही. आकड्याचं टोक कुठूनही आलं की ती हौसेनं धागा अडकवायची. ओवून झालेला भाग वहिनी डोळ्यांनी तपासायला लागल्या. दर पंचवीस-तीस धाग्यांमागे एक चूक. उसवायचं, मागे यायचं, पुन्हा ओवायचं. दीड दिवसाच्या ताण्याला साडेचार दिवस लागले. आकडा दोनदा हातातून गळून पडला आणि पडल्याचं त्यांना आवाजानं कळलं.

त्या स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना उलगडलं की गेले कित्येक महिने निम्मं काम पलीकडून होत होतं. टिचक्या तर होत्याच. पण आकडा जरा वाकडा आला तर त्याला नखानं सरळ करणं, डोळ्याशी अडखळला तर तारच किंचित बाजूला सारून वाट करून देणं, हे ताई न सांगता करत आली होती. वहीच्या पडद्यातून ते कधी दिसलं नाही.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी टेम्पोला भाडं होतं, भाऊ बाहेरगावी. ताई खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. वहिनी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वन्सं, मी खोटं बोलले."

"माहीत आहे."

"माझ्या हाताला काही कळत नाही. आकडा धरलाय की नाही ते बघावं लागतं."

"तेही माहीत आहे. सात महिने झाले." ताईनं घडी थांबवली नाही. "मला तुमचं तोंड दिसत नव्हतं, आकड्याचं टोक दिसत होतं. चाचपडत यायचं ते, आंधळ्या माणसासारखं."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाशी? तुम्ही नवऱ्याला सांगितलं नाहीत, मी सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात? म्हणालातच की. डोळा ठेवून बसले म्हणालात."

वहिनी खाली जमिनीवर बसल्या. रडल्याही. त्या सांगत नाहीत, ताईनं सांगितलं. आणि यापुढचंही ताईनंच सांगितलं, फार पुढे, बाजारात भेटली तेव्हा, पिशवी खाली ठेवून. वहिनींनी आजवर ते कुणालाही सांगितलेलं नाही.

ताई म्हणाली, "त्या नव्या नक्षीत अकरा चुका होत्या वहिनी. मी मोजल्या. अकराच्या अकरा वेळा टोक समोर आलं, चुकीचं आहे हे मला कळलं आणि मी माझ्या हातानं धागा अडकवला. म्हटलं, येऊ दे कापडावर. दिसू दे एकदा सगळ्यांना, कुणाच्या जिवावर चाललंय ते." मग ती तोंड वाकडं करून हसली. "दिसलं ते असं."

वहिनी म्हणाल्या, "उद्या मास्तरांना सांगते."

"तुमचं सांगा. माझं तेवढं सांगू नका. मला अजून कुठंतरी काम करायचंय."

वहिनींनी आपलं सांगितलं. मास्तरांच्या टेबलासमोर उभं राहून, दाराशी आम्ही दोघीतिघी असताना, मुद्दाम आवाज चढवून. "डोळ्याचं चुकलं होतं. माझं. हात कामातून गेलाय, लपवत होते. ताईंचा काही दोष नाही." मास्तर पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. म्हणाले, "एवढं आधी बोलायचंत." मग म्हणाले, "ताईंना बोलवा. पुढे बसतील का, विचारा."

मला वाटलं, चला, सुटलं एकदाचं. ताईच्या मनात काही वेगळंच होतं. घरी भावानं स्वतः तिला निरोप सांगितला, तर ती म्हणाली, "त्या खोलीत मी आता बसणार नाही."

"अगं पण पुढे बसवतायत!"

"वहिनींचा हात गेला म्हणून. तिथं जन्मभर तेच राहील, दादा."

गावाच्या दुसऱ्या टोकाला, गोदामांच्या पलीकडे, एक लहान कारखाना होता. तिथं ती जाऊन आली. मी आकडा चालवते, असं सांगून आली. आयुष्यात एक अख्खा ताणा तिनं कधी ओढलेला नव्हता. पण पस्तीस वर्षं तिनं टोक पाहिलं होतं, कुठे कसं यावं लागतं ते तिला माहीत होतं, बोटांना तेवढं शिकवायचं होतं. पहिल्या आठवड्यात तिच्या अंगठ्याला फोड आले, ते तिनं चिंध्या बांधून लपवले. तिथंच जवळ एक खोली भाड्यानं मिळाली.

निघायच्या दिवशी वहिनींनी सासऱ्यांचा आकडा आणि पितळी पत्ती फडक्यात गुंडाळून तिच्यापुढे धरली. "मामंजींचं आहे. तुमचा हक्क."

ताईनं फडकं उलगडलं, आकडा हातात घेऊन पाहिला. मूठ एका बाजूनं झिजली होती, वहिनींच्या अंगठ्याच्या आकाराची. तिनं तो परत ठेवला.

"याला तुमच्या हाताची सवय आहे. मी दुकानातला घेतलाय. चांगला आहे."

भावानं तिची ट्रंक टेम्पोत चढवली. वाटेत काहीतरी गंमत करायचा त्यानं प्रयत्न केला, जमलं नाही, आणि गोदामांच्या वळणावर टेम्पो बाजूला घेऊन तो लहान मुलासारखा रडला. ताईच म्हणाली, "चल आता. ट्रंकेत काचेच्या बरण्या आहेत, उन्हात तडकतील." बरण्या उन्हानं तडकतात असं मी तरी ऐकलेलं नाही.

वहिनींच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस दबली होती, फार उशीर केलात. कळा गेल्या, मुंग्या गेल्या, पण चिमटीतली जाण निम्मीच परत आली. जमिनीवर पडलेली टाचणी त्यांना उचलता येत नाही. अंगठ्याखालचा मांसल भाग बसला तो बसलाच. वहीफणीच्या खोलीत आता दुसऱ्या गावाहून आलेल्या मायलेकी बसतात. वहिनी आमच्या घडीखात्यात, माझ्या शेजारी.

पहिले काही दिवस आम्ही फारसं बोललो नाही. मग एकदा मीच सांगून टाकलं की ताईबद्दल मी असं असं म्हटलं होतं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काय, मी तर समोर उभी राहून म्हटलं." आणि कापड पुढे ओढलं. दोष शोधण्यात त्यांच्याएवढी नजर आमच्याकडे कुणाची नाही. रेघ दिसली की पुटपुटतात, "हे डोळ्याचं असेल." किंवा "धाग्याचंही असू शकतं." मास्तरांनी विचारलं तर मात्र म्हणतात, "कापडावरून नाही सांगता येत."

ताईला जाऊन आता दीड वर्ष झालं. भाऊ दर आठवड्याला जातो. वहिनी पहिल्यांदा गेल्या तेव्हा खोलीला कुलूप होतं. दुसऱ्यांदा ताई दारातच उभी राहून बोलली, दहा मिनिटं, आत या म्हणाली नाही. त्यानंतर चार महिने वहिनींनी विषय काढला नाही. गेल्या सुट्टीला पुन्हा गेल्या.

सोमवारी त्या टेबलाशी आल्या तेव्हा मी दिवा लावत होते. "काय हो, गेला होतात?"

"गेले होते. बसा म्हणाल्या. चहा केला."

"काय बोललात?"

"कंबर दुखते म्हणत होत्या. पुढे वाकून बसावं लागतं ना, पहिली दोन-तीन वर्षं दुखतेच. मी सांगितलं, उशी पाठीशी ठेवू नका, बुडाखाली मागच्या बाजूनं ठेवा, म्हणजे आपोआप पुढे झुकता येतं."

"मग?"

"ठेवून बघते म्हणाल्या."

एवढं बोलून त्यांनी थानाचं टोक सोडवलं आणि डावा काठ माझ्या हातात दिला. आम्ही कापड ओढायला लागलो.